मोठ्या गाडीवर परत यायचंय : लायसनची तारीख गेलेली, हात बसायचा बाकी

जुना_लाईनवाला (खानापूर)

मंडळी, सल्ला पाहिजे.

वय ४६. मिसरूड फुटायच्या आधीपासून मोठ्या गाडीवर. आधी क्लीनर, मग सहाचाकी, शेवटी दहाचाकी. बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीतलं कास्टिंग भरून पुणे, चाकण, कळंबोली अशी लाईन केली. २०१८ च्या शेवटी वडिलांचं दुखणं आणि शेतीची ओढाताण म्हणून गाडी सोडली आणि गावात पिठाची गिरणी टाकली. गिरणी चालते, पण थोरली बेळगावात डिप्लोमाला आहे, धाकटा दहावीत. दोघांची फी गिरणीतून निघत नाही. घरी बोलणं झालंय, परत गाडीवर जायचं पक्कं आहे.

अडचण अशी की कार्डावर दोन तारखा आहेत. एनटीपुढं २०२९ आणि टीआरपुढं २०२१. एकजण म्हणतो २०२९ पर्यंत बिनधास्त चालव. दुसरा म्हणतो सगळं नव्यानं काढ. कोण खरं?

दुसरं, मी चालवली ती सगळी जुनी इंजिनं. आता बीएस ६ म्हणजे कमी धुराचं इंजिन आलंय, त्याला युरिया घालायचा म्हणतात. आणि तिसरं म्हणजे हात. घरचा ट्रॅक्टर रोज चालवतो, पण ते काही दहाचाकी नव्हे. कुठून सुरुवात करू?

निपाणीकर_भाऊ

दुसरा म्हणतो ते बरंचसं खरं.

एनटी म्हणजे नॉन-ट्रान्सपोर्ट. घरची कार, मोटरसायकल, ट्रॅक्टर. ते तुम्हाला पन्नाशीपर्यंत मिळालंय, म्हणून २०२९. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट, पोटापाण्याची गाडी. त्याची मुदत पूर्वी तीन वर्षांची असायची, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच झाली. तुमचं २०१८ चं, म्हणून २०२१ ला संपलं. मोठ्या गाडीसाठी बघायची ती टीआरची तारीख. तिकडं बघायचं सोडून लोक वरची लांबची तारीख बघतात आणि नाक्यावर अडकतात.

आता नियम. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५ प्रमाणं तारीख संपायच्या आधी एक वर्ष आणि संपल्यानंतर एक वर्ष, या दोन वर्षांत अर्ज केला तर साधं नूतनीकरण. एक वर्ष उलटून गेलं की चाचणी दिल्याशिवाय नूतनीकरण नाही. पूर्वी ही सवलत पाच वर्षांची होती, त्यामुळं जुनी माणसं अजून 'पाच वर्षं चालतंय' म्हणून सांगतात. ते आता चालत नाही.

म्हणजे तुम्हाला चाचणी आहे. पहिलं काम, परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर लायसन नंबर आणि जन्मतारीख घालून रेकॉर्ड दिसतंय का बघा. दिसलं तर अर्धा ताप गेला.

केए_२२_भन्नाट

इतकं डोकं कशाला लावता काका. एजंटला कागद द्या, पैसे द्या, कार्ड घरी. आमच्या गल्लीत दोघांनी तसंच केलंय. आणि कोरोनात सगळ्यांच्या तारखा वाढवून दिल्या होत्या की. २०२१ चं म्हणजे अजून चालू असणार.

निपाणीकर_भाऊ

कोरोनातली मुदतवाढ ३१ ऑक्टोबर २०२१ ला संपली. त्यानंतर बरेच पावसाळे झाले.

एजंटकडून फॉर्म भरून घेतला तर हरकत नाही, ऑनलाईन जमत नाही त्याला तेच सोपं. पण चाचणी तुमच्या जागी एजंट देणार का?

चिक्कोडी_गाडीमालक

माझ्या तीन गाड्या आहेत, म्हणून मालकाच्या बाजूनं बोलतो.

मुदत संपलेल्या लायसनवर पकडला तर ड्रायव्हरला ५००० रुपये, आणि तशा माणसाच्या हातात गाडी दिली म्हणून मालकालाही ५०००. हे एकवेळ भरता येतात. खरं मरण अपघातात आहे. चालू लायसन नसलं की इन्शुरन्स कंपनी समोरच्याला पैसे देते आणि मग तेच पैसे मालकाकडून वसूल करायला कोर्टात उभी राहते. एका दाव्यात गाडी, घर, जमीन सगळं जातं. म्हणून मी माणूस घेताना आधी टीआरची तारीख बघतो, मग माणसाकडं बघतो. ओळखीचा असला तरी.

तेव्हा दादा, चाचणी द्या. तुमच्यासारख्या जुन्या हाताला चाचणीचं भ्या कशाला?

जुना_लाईनवाला (खानापूर)

भ्या चाचणीचं न्हाई, भ्या त्या ट्रॅकवर क्लच सोडताना पाय थरथरला तर त्याचं. चार पोरं बघत असतात.

रेकॉर्ड सारथीवर सापडलं. नाव, जन्मतारीख बरोबर आहे, पत्ता मात्र जुना.

हलकर्णी_क्रॉस

धागाकर्त्याचं संपायच्या आधी माझं घुसडतो, माफ करा. मी चंदगडचा. लायसन एमएच-०९, तेही पुस्तकी, हातानं लिहिलेलं. काम बेळगावात मिळतंय. कर्नाटकातला मालक महाराष्ट्राचं लायसन घेतो का? की इथं बदलून घ्यावं लागतं?

निपाणीकर_भाऊ

लायसन कुठल्याही राज्याचं असो, देशभर चालतं. केए पासिंगची गाडी एमएच लायसनवर चालवायला आडकाठी नाही. सीमाभागातले निम्मे ड्रायव्हर तसेच आहेत. नूतनीकरण मात्र तुमचा राहण्याचा पुरावा ज्या राज्यातला, तिथं. तुमचं आधारकार्ड चंदगडचं असेल तर कोल्हापूरलाच करा, उगीच बेळगावात भाड्याच्या खोलीचा करारनामा करत बसू नका.

पुस्तकी लायसनची गोष्ट निराळी. ते सारथीवर नसतं. ज्या कार्यालयानं दिलं तिथंच जाऊन त्याची नोंद चढवून घ्यावी लागते, बॅकलॉग एन्ट्री म्हणतात. ते झाल्याशिवाय पुढचं काहीच सरकत नाही. मूळ पुस्तक बरोबर न्या, झेरॉक्सवर भागत नाही.

उद्यमबाग_लोडिंग

धागाकर्त्यांच्या कागदांचं सांगतो. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे, नवीन माणसाचे कागद माझ्याच टेबलावर येतात.

फॉर्म २ हा मूळ अर्ज. तो ऑनलाईन भरायचा. फॉर्म १ म्हणजे तब्येतीबद्दलचं तुमचं स्वतःचं लिहून देणं. फॉर्म १-ए म्हणजे डॉक्टरचा दाखला, ट्रान्सपोर्टला तो लागतोच, चाळिशीपुढं तर कोणालाही लागतो. फॉर्म ५ हा ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला. मान्यताप्राप्त स्कूलचाच पाहिजे, आणि त्या स्कूलला मोठ्या गाडीची मान्यता आहे ना हे आधी विचारा. बऱ्याच जणांकडं फक्त कार शिकवायची असते.

आठवी पास असायची अट २०१९ ला उठली. शाळेचा दाखला मागितला तर तो जन्मतारखेसाठी, शिक्षणासाठी नव्हे.

वर्षाच्या पुढं लायसन गेलेल्याला आधी परत लर्निंग काढायला लावतात. अर्ज भरताना सारथी स्वतःच पुढची पायरी दाखवतं, तसं करत जा. लर्निंग निघालं की तीस दिवस थांबावं लागतं, मग चाचणीची तारीख. लर्निंग सहा महिने चालतं, तेवढ्यात चाचणी उरकायची.

फी केंद्राच्या नियमातली. लर्निंग एका प्रकाराला १५०, त्याची परीक्षा ५०, गाडीची चाचणी एका प्रकाराला ३००, नूतनीकरण २००. उशिराचं असेल तर ३००, आणि वर उशिराच्या प्रत्येक वर्षाला १०००. वर्ष पुरं भरलं नसलं तरी पुरे हजार. शिवाय कार्डाचे वेगळे. तुमचा जास्तीचा खर्च सगळा त्या हजारांत जाणार आहे. ड्रायव्हिंग स्कूल काय घेईल ते ज्याचं त्याचं, दोन-तीन ठिकाणी विचारा.

आप्पा_संकेश्वर

कागद कागद कागद. कागदानं गाडी घाट उतरत न्हाई.

बाळा, तू जुना माणूस हायस, तुला काय शिकवायचं. पण इतक्या वर्सांनी बसायलायस म्हणून सांगतो. पैल्यांदा रिकामी गाडी घे. पहाटेला, ट्रॅफिक नसताना. रिकामी गाडी दाबून ब्रेक मारलास की मागनं घसरती, भरल्या गाडीला थांबायला लांब जागा लागती, दोन्ही पायाला परत कळू दे. मग अर्दा लोड. मग पुरा. पैल्याच दिवशी पुरा लोड घेऊन तवंदी घाट उतरायला जाऊ नको.

तवंदीत निपाणीकडं उतरताना काय होतंय, वरनं रस्ता रुंद दिसतोय, गडी खुश होतोय. गाडी हलकी पळायला लागली की टॉप टाकतोय. खाली वळणाला आला की नुसत्या ब्रेकावर धरतोय. ड्रम तापलं, ब्रेक सुटला, संपलं. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक लावायचा, पाय ब्रेकवर ठेवून द्यायचा न्हाई, मारायचा आन् सोडायचा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्याला माज्या गाडीत मी क्लीनर म्हणून पण घेतला न्हाई कदी.

केए_२२_भन्नाट

आप्पा, नव्या गाडीत डिझेल वाचवायला न्यूट्रलची गरजच नाही. गिअरात ठेवून ॲक्सिलेटर सोडला की इंजिन डिझेल घेणं बंद करतं.

आप्पा_संकेश्वर

मग आमी तीस वर्सं सांगालोय तेच इंजिनाला पटलं म्हनायचं.

चिक्कोडी_गाडीमालक

बीएस ६ बद्दल विचारलंत. १ एप्रिल २०२० पासून विकलेल्या गाड्या सगळ्या बीएस ६. मोठ्या गाडीत बहुतेक ठिकाणी डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची छोटी टाकी असते. त्यात युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ. त्यात साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. शेतातला युरिया बादलीत कालवून ओतणारे महाभाग मी बघितलेत. सगळी सिस्टीम बसते आणि बिल बघून मालकाला घेरी येते. डिझेल त्या टाकीत गेलं तरी तेच. पंपावरच्या पोराला झाकण उघडून देऊ नका, स्वतः खाली उतरा.

टाकी संपत आली की आधी दिवा लागतो, मग गाडी ओढायची कमी होते. चोर्ला किंवा अनमोडला चढावर ओढ गेली की काय होतं ते सांगायला नको. दुसरी गोष्ट, चावी बंद केल्या केल्या बॅटरीचा कटऑफ मारू नका. नळीत राहिलेला युरिया गाडी मागं ओढून घेते, दोन मिनिटं द्या. जुन्या माणसांना चावी आणि कटऑफ एका दमात मारायची सवय असते, तिथंच नळ्या चोंदतात.

सायलेन्सरमध्ये काजळी साठली की गाडी ती स्वतः जाळते, त्याचा दिवा वेगळा. तो लागला तर गवतात, गोणपाटाजवळ, कडब्याच्या गंजीशेजारी गाडी उभी करू नका. सायलेन्सर फार तापतो.

बाकी फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा. जीपीएस बहुतेक मालक लावतात. ८० चा स्पीड गव्हर्नर तुमच्या वेळेपासून आहेच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची केलीय, पण आमच्यासारख्यांच्या जुन्या गाडीत अजून खिडकीच.

जुना_लाईनवाला (खानापूर)

कटऑफचं बरं सांगितलंत. हात आपोआप तिकडं गेला असता.

गाडी मिळत नाही ही अडचण आहे. मालक म्हणतो आधी लायसन आण मग गाडी देतो. आणि लायसनसाठी हात बसायला गाडी पाहिजे.

निपाणीकर_भाऊ

यावर एक वाट आहे. तुमचं एनटी २०२९ पर्यंत चालू आहे आणि त्यात एलएमव्ही, म्हणजे हलकं वाहन, आहे ना? मग ग्रॉस वेट, म्हणजे मालासकट एकूण वजन, ७५०० किलोपर्यंतची मालगाडी तुम्ही आजच चालवू शकता. पिकअप, छोटा हत्ती, ४०७ सगळं त्यात येतं. २०१७ ला सुप्रीम कोर्टानं हे सांगितलं होतं, मग त्यावर वाद झाला, आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तेच कायम केलं. अशा गाडीला वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का लागत नाही. मोठी गाडी किंवा गॅस-केमिकलसारखा धोक्याचा माल असेल तर मात्र लागतोच. आरसी बुकात ग्रॉस व्हेइकल वेट लिहिलेलं असतं, ते बघूनच चावी हातात घ्या. आयशर दिसायला लहान असते, पण त्यात ७५०० च्या वरचे मॉडेलपण आहेत.

बेळगाव मार्केटमधून गोव्याला रोज भाजी जाते. रात्री भरून पहाटे पणजी, म्हापसा. बदली ड्रायव्हर त्यांना सारखे लागतात. लर्निंगचे तीस दिवस घरी गिरणीचा पट्टा बघत बसण्यापेक्षा ते करा. रात्रीचे डोळे, घाट, आरसे, झोपेवर ताबा, सगळ्याची परत ओळख होईल. मोठ्या गाडीचा हात स्कूलच्या गाडीवर बसवा.

उद्यमबाग_लोडिंग

+१. फक्त पावसाळ्यात चोर्ला आणि अनमोडला अवजड गाड्यांना कधीही बंदी येते, दरड आली की लहान गाड्याही अडकतात. निघायच्या आधी गोव्याकडून येणाऱ्याला विचारून निघा.

वैशाली_शहापूर

मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते आणि ड्रायव्हरची मुलगी आहे, म्हणून लिहिते. इथं सगळे गिअर आणि युरियावर बोलताहेत.

फॉर्म १ मध्ये एक प्रश्न असतो. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्यानं वाचता येते का? चष्मा लावून चालतं. बहुतेक जण हो वर टिक मारून मोकळे होतात. तसं करू नका. २५ मीटर म्हणजे दहाचाकी गाडीची साधारण अडीच लांबी. घराबाहेर उभ्या गाडीपासून तेवढं अंतर मोजा, एक डोळा तळहातानं झाका आणि वाचा. मग दुसरा. आमच्याकडं येणाऱ्या ड्रायव्हर काकांमध्ये हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे एका डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालेला असतो आणि दोन्ही डोळे उघडे असताना त्यांना पत्ताच नसतो. मग रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, त्याला ते 'लोक अप्पर मारतात' म्हणतात.

शुगर असेल तर डोळ्याचा पडदा तपासून घ्या, नुसता चष्म्याचा नंबर नव्हे. शुगर वरखाली होत असताना काढलेला चष्मा महिन्यात बिनकामाचा होतो. रंगांधळेपणाचं घाबरू नका, २०२० पासून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांनाही लायसन देतात, तीव्र असेल तर नाही.

डॉक्टरचा दाखला आधी घेऊन मग डोळे तपासायला येतात लोक. उलटं करा.

आणि लाईन लावताना घरी एक बोला. महिन्यातून किती रात्री घरी, हे मालकाशी पगाराच्या आधी ठरवा. आमचे वडील दिवाळीला कधीही घरी नसायचे. आम्हाला ते ठरलेलंच नव्हतं, त्यांनाही नव्हतं.

चिक्कोडी_गाडीमालक

ताई, रास्त आहे. पण मालकाच्या हातातही नेहमी नसतं. पार्टीनं माल उशिरा भरला की सगळं वेळापत्रक कोसळतं.

वैशाली_शहापूर

मग तसं आधी सांगा ना भाऊ. 'आठवड्याला घरी' म्हणून माणूस घ्यायचा आणि मग पार्टीवर ढकलायचं, हे बरोबर नाही.

आप्पा_संकेश्वर

ताईचं खरं हाय.

हलकर्णी_क्रॉस

चाचणीत नेमकं काय करायला लावतात? आणि साहेब कन्नडमध्येच बोलतात का?

निपाणीकर_भाऊ

कायद्यात लिहिलंय की ज्या प्रकारच्या लायसनसाठी अर्ज, त्याच प्रकारच्या गाडीवर चाचणी. म्हणजे ट्रक घेऊनच जायचं. बहुतेक वेळा स्कूलवाले आणतात, ते फीमध्ये आहे का आधी विचारा. ऐन दिवशी 'ट्रक भाड्यावर गेलाय' ऐकावं लागलेले लोक मला माहीत आहेत.

बघतात ते असं. गाडीत बसायच्या आधी बाहेरून एक फेरी, आरसे लावणं, सीटबेल्ट. चढावर थांबून मागं न सरकता परत निघणं. आरशात बघून रिव्हर्स. वळताना इंडिकेटर आणि हात. गिअर बदलताना खाली न बघणं. जुने ड्रायव्हर सगळ्यात जास्त इंडिकेटर आणि सीटबेल्टवर मार खातात, गाडी चालवण्यावर नव्हे. एअर ब्रेकची गाडी असली तर हवा भरायच्या आधी हलवू नका. लो-एअरचा दिवा आणि बझर बंद होऊ दे, साहेबाला ते दिसू दे.

लर्निंगची परीक्षा चिन्हांवर असते. पाठांतर करायला बसू नका, आकार लक्षात ठेवा. लाल कडेचा गोल म्हणजे करू नको, निळा गोल म्हणजे असंच कर, त्रिकोण म्हणजे पुढं सांभाळ, निळा चौकोन म्हणजे माहिती. बोर्ड कन्नडमध्ये असो की मराठीत, आकार बदलत नाही.

कन्नड बोलतील, पण समोरच्याला येत नाही म्हटल्यावर हिंदी-मराठीतही सांगतात. तुमची चाचणी कोल्हापूरला असेल तर प्रश्नच नाही. तरी बेळगावात काम करणार असाल तर मुंदे, हिंदे, एडक्के, बलक्के, निल्लिसी (पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं, थांबवा) एवढं पाहिजेच. गोडाऊनला गाडी लावताना हमाल त्यातच ओरडतो.

केए_२२_भन्नाट

एक खरंच विचारायचंय, चेष्टा नाही. अपघात करून पळाल्यास दहा वर्षं शिक्षेचा तो कायदा लागू झालाय का? जानेवारी २०२४ ला सगळ्या गाड्या थांबल्या होत्या त्याच्यामुळं. माझा मावसभाऊ त्या भीतीनं लाईन सोडून बसलाय.

उद्यमबाग_लोडिंग

१ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ते कलम १०६ चं पोटकलम २ बाजूला ठेवलं गेलं. लागू झालं ते पोटकलम १, हयगयीनं मृत्यू झाला तर पाच वर्षांपर्यंत. आधीच्या कायद्यात दोन वर्षं होती, म्हणजे वाढलं आहेच.

अपघात झालाच तर मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हरनं काय करायचं ते आहे. जखमीला उपचार मिळवून द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं, जास्तीत जास्त २४ तासांत. जमाव खवळलेला असेल तर तिथं थांबून मार खा असं कायदाही म्हणत नाही, तशी सवलत त्यात लिहिलेली आहे. मग जवळच्या ठाण्यावर गाडी लावा किंवा ११२ ला फोन करा. फोन बंद करून गाव गाठणारा सगळ्यात जास्त अडकतो. मालकालाही लगेच कळवा, त्याला इन्शुरन्सला कळवावं लागतं.

आप्पा_संकेश्वर

सीझन सुरू झालाय, ते पन सांगा कोनीतरी त्याला. अथणी, रायबाग, चिक्कोडीकडं रात्री उसाच्या जोडट्रॉल्या. मागं दिवा न्हाई, रेडियम न्हाई, ऊस कडेनं हातभर बाहेर आलेला. लांबनं काळं काळं दिसतंय, रस्ताच वाटतोय. जवळ गेल्यावर भिताड. त्या पट्ट्यात रात्री साठाच्या आत चालव, मागच्याला हॉर्न मारू दे किती मारतोय ते. ट्रॉलीवाल्याच्या गाण्याचा आवाज गाडीच्या आधी येतोय, काच जरा खाली ठेव.

केए_२२_भन्नाट

एसी केबिनमध्ये काच खाली कशी ठेवणार आप्पा 😄

आप्पा_संकेश्वर

एसी बंद कर की मर्दा.

जुना_लाईनवाला (खानापूर)

सगळ्यांना धन्यवाद. कुठवर आलो ते सांगतो.

वैशालीताई, तुम्ही सांगितल्यावर शेजारच्या टेम्पोपासून अंतर मोजून बघितलं. उजवा डोळा ठीक, डाव्यानं शेवटचे दोन आकडे पुसट. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू नाही, नंबर आहे. चष्मा बनवायला टाकलाय, दाखला त्यानंतर घेणार.

पत्त्याचा बदल आणि लर्निंगचा अर्ज भरला. लर्निंग निघालं. भाजीच्या पिकअपवर बदलीला जातोय. चोर्ल्यात पहिल्या रात्री मान दुखली, स्टेअरिंगला चिकटून बसत होतो. आता पाठ सीटला लागते.

मोठ्या गाडीची मान्यता असलेलं स्कूल सापडलं. पण त्यांचा ट्रक जुना सहाचाकी आहे. लायसन त्यावर निघेल, कारण प्रकार ट्रान्सपोर्टच. प्रश्न पुढचा आहे. लायसन आल्यावर बीएस ६ दहाचाकीवर बसायला मालक पहिल्यांदा कोणाबरोबर पाठवतात का? माझ्या वेळी दहाचाकीचं पासिंग, म्हणजे मालासकट परवानगीचं वजन, २५ टन होतं, मी सोडलं त्याच वर्षी ते साडेअठ्ठावीस झालं. वाढलेला लोड मी कधी ओढलेलाच नाही. एकटा एकदम नको वाटतं.

चिक्कोडी_गाडीमालक

शहाणा मालक पाठवतो. जुन्या ड्रायव्हरबरोबर दोन-तीन खेपा, पगार निम्मा किंवा नुसता भत्ता. तो निम्मा पगार बघून रागावू नका, त्यात मालकाचं डिझेल आणि टायर शिकायला लागतात. पण त्या खेपांत गाडी तुमच्या हातात किती वेळ येणार ते आधी बोला. नाहीतर जुना ड्रायव्हर तुम्हाला ताडपत्री ओढायला ठेवतो आणि स्वतः झोपतो. आणि लोडचं म्हणाल तर काट्याची पावती स्वतः वाचा. क्लीनर 'बरोबर आहे' म्हणाला यावर जाऊ नका. ओव्हरलोडचा दंड २०,००० पासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला २०००.

ई-वे बिलाची, म्हणजे मालाबरोबरच्या जीएसटीच्या कागदाची, मुदतही स्वतः बघा. दिवसाला २०० किलोमीटर धरतात. गाडी बिघडली तर मुदत संपायच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तास, तेवढ्यातच वाढवून मिळते. ऑफिसला तेव्हाच फोन करा, सकाळ व्हायची वाट बघू नका.

माझी एक गाडी माघानंतर मोकळी होतेय. चिक्कोडी-पुणे, साखर. पहिल्या खेपांना माझा जुना माणूस बरोबर असेल. चष्मा आणि टीआर दोन्ही घेऊन या. माझा नंबर ९४४

संपादक

मालक, मोबाईल नंबर अर्ध्यावर कापलाय. नंबर उघड टाकू नका, निरोपातून कळवा. हलकर्णी_क्रॉस, पुस्तकी लायसनचा अनुभव आला की वेगळा धागा काढा, तसे प्रश्न इथं वारंवार येतात.

हलकर्णी_क्रॉस

काढतो. सोमवारी कोल्हापूरला जातोय, पुस्तक सापडलं. आईनं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं होतं.

जुना_लाईनवाला (खानापूर)

मालक, निरोप पाठवलाय. साखरेला ताडपत्री दुहेरी लागते ना अजून?

चिक्कोडी_गाडीमालक

दुहेरीच. आणि रस्सा तुम्ही बांधायचा, माझा माणूस नाही.